डबी अ, डबी ब

मुलुंड पूर्वेला आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहणारी प्रांजल परब एकदा कोथिंबीर आणायला खाली गेली आणि पाऊण तासाने शेजारच्यांचा कुत्रा घेऊन परत आली. कोथिंबीर नव्हती. कुत्रा कुठे भेटला, तेही तिला नीट सांगता येईना.

तेव्हा ती बारा वर्षांची होती. पाचव्या वर्षी तिला रक्ताचा कॅन्सर झाला होता. केस गेले, पाठीच्या मणक्यात इंजेक्शनं घ्यावी लागली, दोन-अडीच वर्षं हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या. त्यातून पोरगी ठणठणीत बरी झाली, केस तर आधीपेक्षा दाट आले. पण पाचवीपासून शाळेत गाडी अडायला लागली. पेपर अर्धाच व्हायचा. एकदा तर ती दुसऱ्याच वर्गात जाऊन बसली आणि दोन तास तिथला भूगोल शिकून आली.

"आळशी झालीय," असं सगळे म्हणायला लागले, तेव्हा तिची आई क्षमा तिला घेऊन कॅन्सरच्या जुन्या डॉक्टरीणबाईंकडे गेली. बाईंनी तपासण्या केल्या आणि म्हणाल्या, "आळस नाहीये हा. त्या औषधांनी आजार घालवला, पण काही मुलांचं लक्ष टिकत नाही नंतर. त्यासाठी एक गोळी आहे. सगळ्यांनाच लागू पडते असं नाही. करून बघू."

करून बघायची पद्धत मोठी गमतीची होती. दोन डब्या मिळाल्या, अ आणि ब. एकीत खरी गोळी, दुसरीत दिसायला तशीच पण औषध नसलेली. एक आठवडा ही, एक आठवडा ती. कुठली खरी, ते फक्त औषधं देणाऱ्या माणसाला ठाऊक. घरच्यांनी आणि शाळेतल्या माधुरी टीचरनी रोज एक फॉर्म भरायचा.

घरी प्रांजलचे आजोबा काशीराम होते, गिरणीतून रिटायर झालेले, मूळचे मालवणकडचे. ते ऐकून म्हणाले, "हुशारीची गोळी इली काय? मगे दोन माका पण द्येवा."

"बाबा, हुशारीची नाही, लक्ष लागायची," क्षमा म्हणाली. "आणि तुम्ही हात लावायचा नाही. तुमचं बीपी आहे."

"बरा. पण खरी खंयची ता मी सांगतंय. फॉर्म हकडे दी."

पहिला आठवडा अ डबीचा. दुसऱ्याच दिवशी प्रांजलने न सांगता आजोबांना चहा करून दिला. तिसऱ्या दिवशी त्यांचा चष्मा पुसून ठेवला. काशीराम खूश. त्यांनी फॉर्मवर लिहिलं, "झकास. हीच खरी." मग पाचही मजल्यांवर जाऊन तेच सांगून आले. वॉचमनलाही सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यात ब डबी आली. प्रांजलला भूक लागेना, शाळेतून अर्धा जेवणाचा डबा तसाच परत आणायला लागली. आणि बुधवारी संध्याकाळी काशीराम गावच्या खाडीतल्या मगरीची गोष्ट सांगत असताना ती मध्येच म्हणाली, "आजोबा, थांबा ना. तुम्ही आत्ता होडीत होतात. मग पोहायला कधी लागलात?"

"होडी बुडली."

"कधी बुडली? सांगितलंच नाही तुम्ही. आणि सुरुवातीला मगर सहा फुटांची होती, आता बारा कशी?"

काशीरामांनी गोष्ट तिथेच बंद केली. फॉर्मवर लिहिलं, "उद्धटपणा वाढला. गोळी खोटी आणि घातक."

दोन आठवडे संपल्यावर तिघं डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी फॉर्म वाचले. माधुरी टीचरनी लिहिलं होतं : अ डबीत काही फरक नाही, ब डबीत गणिताची चाचणी पहिल्यांदा पूर्ण केली, दोनदा हात वर केला. मग बाईंनी औषधं देणाऱ्या माणसाकडून आलेलं बंद पाकीट फोडलं. खरी गोळी ब.

काशीराम खुर्चीत सरळ झाले. "असा कसा? मगे तो चाय?"

"तो मी असाच केला होता," प्रांजल म्हणाली. "तुम्हाला हवा होता ना?"

काशीरामांनी चष्मा काढून पुसला. मग डॉक्टरीणबाईंकडे वळून म्हणाले, "मगर बाराच फुटांची होती हां, मॅडम."

बाईंनी ते लिहून घेतलं नाही. त्यांनी प्रांजलला विचारलं, "तुला काय वाटलं गं?"

प्रांजलने विचार केला. "ब च्या आठवड्यात टीचर जे बोलल्या ते पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं. तसं सगळंच काही कामाचं नव्हतं."

ठरलं ते असं : कमी डोस, फक्त शाळेच्या दिवशी, भरपेट नाश्ता झाल्यावर. दर थोड्या दिवसांनी वजन आणि बीपी बघायचं. शिवाय क्षमाने शाळेत तीन खेपा घालून पेपरसाठी जादा अर्धा तास मिळवला, कारण गोळीने लक्ष लागतं, हात भराभर चालत नाही.

आता प्रांजल नववीत आहे. सहामाहीला गणिताचा पेपर तिने शेवटच्या प्रश्नापर्यंत सोडवला. शेवटचे तीन प्रश्न साफ चुकले, मार्क पडले एक्कावन्न. तरी क्षमाने सगळ्या बिल्डिंगमध्ये पेढे वाटले. चौथ्या मजल्यावरच्या नीलमताईंनी विचारलं, "पहिली आली की काय?"

"नाही हो," क्षमा म्हणाली, "पेपर संपवला तिने!"