ओळीआधीच्या दोन जागा
दोन वर्षांपूर्वी वेदिका आमच्या ऑफिसात आली तेव्हा तिची खुर्ची मी पुसून दिली होती. आज ती मला डोळ्यांसमोर नकोशी होते. संगमेश्वराजवळच्या गावातून रोज एसटीने येते. वडील मुंबईला नोकरीला, आई शेती बघते, आणि ही पोरगी तासभर उभ्याने प्रवास करूनही टवटवीत. मी ऑफिसजवळ मांडवीतच राहते, तरी दारात पोचेपर्यंत माझं तोंड उतरलेलं. आमचे साहेब अनिलसर काही अडलं की आधी हिलाच हाक मारतात. सहा वर्षं मी काय गवत उपटलं?

बागायतदारांसाठी आंब्याच्या पेट्यांचं सॉफ्टवेअर आम्ही करतो. कोड लिहिताना आतली ओळ मी चार जागा सोडून सुरू करते. कोड लिहायच्या एडिटरमध्ये माझं स्वतःचं सेटिंगही तसंच, माझ्या सगळ्या कामांना लागू. पण पेट्यांच्या प्रोजेक्टचं सेटिंग वेदिकाने लिहिलेलं, त्यात दोनच जागा. मी सेव्ह केलं की ओळी गपकन मागे सरकायच्या. एडिटर बिघडला असं समजून मी माझंच सेटिंग पुन्हा पुन्हा लिहीत बसले. शेवटी तिलाच विचारावं लागलं.

"तुमचं बरोबरच आहे, ताई," ती म्हणाली. "पण प्रोजेक्टचं सेटिंग असलं की तिथे तेच चालतं. घरात आपण कसंही वागतो, देवळात मात्र चपला बाहेर. तसंच हे."

म्हणजे देऊळ हिचं आणि चपला माझ्या! माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मग मच्छीमार सोसायटीचं नवं काम आलं. ते कुणाकडे जाणार, या विचाराने माझा जीव टांगणीला लागला होता. सरांनी ते मला दिलं, मदतीला वेदिका. पहिल्याच सकाळी मी त्या प्रोजेक्टचं सेटिंग लिहिलं. चार जागा, सगळ्यांना लागू, बाईसाहेबांनासुद्धा. आणि तिचं तोंड बघायला खुर्ची वळवून बसले.

तिने लिहिलं, सेव्ह केलं. ओळी पुढे सरकल्या.

"अगो बाय! हे पण बरं दिसतं हो, ताई," म्हणून हसली आणि कामाला लागली.

दिवसभर मी तिच्याकडे बघत होते. कुठे धुसफूस नाही, टोमणा नाही. दोन वर्षं मी जळत बसले, आणि हिला जळताच येत नाही. इतका हेवा मला तिचा कधीच वाटला नव्हता.