डाव्या हातावरचं घड्याळ

दिनानाथ चुरी कोपरापर्यंत नंदाखाल गावचा होता आणि कोपराच्या पुढे स्वित्झर्लंडचा. अंगात विरलेला बनियन, कमरेला पंचा, पायांना केळीच्या वाडीतला चिखल. आणि डाव्या मनगटावर चावी न देता चालणारं स्विस घड्याळ. हात हलला की आतलं चाक फिरतं आणि घड्याळाला आपोआप चावी बसते, हे त्याने निर्मळच्या जत्रेत अनोळखी माणसांनाही अडवून सांगितलं होतं. वेळ विचारणारा माणूस त्याच्या तावडीतून सुटेपर्यंत ती वेळ शिळी झालेली असायची.

शेजारची वाडी पास्कल लोपीसची. दोघांत विहीर एकच. आधी दिनानाथचा बैल रहाट ओढी, मग पास्कलचा. पाळी बदलायची वेळ पूर्वी चर्चच्या घंटेवर ठरे. स्विस घड्याळ आल्यापासून ती दिनानाथच्या मनगटावर ठरू लागली. पुढे पास्कलनेही तसलंच आपोआप चालणारं घड्याळ घेतलं, पण तिसऱ्या हिश्शाच्या किमतीचं. काच धुरकट, पट्टा पुठ्ठ्यासारखा.

"पास्कल, हे घड्याळ की तपकिरीची डबी?"

"डबी तर डबी, दिनाभाऊ. चालते ना."

चालायची खरी. दोन घड्याळांत फरक पडला, की पास्कल मुकाट्याने आपले काटे दिनानाथच्या काट्यांशी जुळवून घेई.

त्या चैत्रात दिनानाथच्या अंगावरून वारं गेलं आणि डावी बाजू लुळी पडली. डॉक्टर म्हणाले, सुधारलाच तर सावकाश सुधारेल. दिनानाथने त्यातलं 'सुधारेल' तेवढं ऐकलं. तो ओटीवरच्या खाटेवर बसून पाळीची हाक देऊ लागला. पण घड्याळ थांबत थांबत चालायला लागलं. त्याची पाळी लांबत चालली, आणि पास्कल आपला बैल धरून उन्हात उभा. त्याच्या केळी माना टाकू लागल्या, तरी तो बोलेना. शेवटी दिनानाथची बायको सुशीलाच बोलली.

"अहो, घड्याळ उजव्या हातात बांधू का?"

"कशाला? हा हात हलायला लागेल आता. घड्याळच बिघडलंय." त्याने पट्ट्याला हातही लावू दिला नाही.

मग एक दिवस पाळीची हाक आलीच नाही. घड्याळ ठार बंद होतं. दिनानाथने पास्कलला बोलावलं.

"मला फसवलं दुकानदाराने. तुझी डबी माझ्या हातावर बांध, माझं तू घाल. बघू कुठलं खरं."

"माझी डबी तुम्हाला शोभायची नाही, दिनाभाऊ."

"बांध म्हणतो ना."

दोन दिवसांनी पास्कल आला, तेव्हा त्याच्या मनगटावर स्विस घड्याळ वरातीतल्या घोड्यासारखं चाललं होतं. दिनानाथच्या मनगटावरची डबी बंद होती.

"म्हटलं नव्हतं?" पास्कल घाईघाईने म्हणाला. "स्वस्तातला माल. पडते अधूनमधून बंद."

दिनानाथ डबीकडे बघत राहिला. ती याआधी एकदा जरी बंद पडली असती, तरी ते आगाशीपर्यंत सांगत सुटणारा पहिला माणूस तोच असता.

"खोटं बोलायला तुला कधी जमलं नाही, पास्कल."

त्याने उजव्या हाताने डावा हात उचलून हलवला. सेकंदकाटा निघाला. हात मांडीवर ठेवला. खाटेशी उभी असलेली सुशीला धरून तिघेही बघत राहिले. थोडं चालून काटा थांबला.

"सुशीला, पट्टा सोड."

तिने डबी सोडून पास्कलला दिली. पास्कल स्विस घड्याळ काढायला लागला.

"राहू दे," दिनानाथ म्हणाला. "हलत्या हातावर राहू दे. उद्यापासून पाळीची हाक तू दे."

"तुमचा बैल माझं ऐकेल का?"

"माझं तरी कुठे ऐकत होता."

पास्कल हसला नाही. सुशीला पदर डोळ्यांना लावत आत गेली.

दुसऱ्या दिवशी विहिरीवरून पास्कलची हाक आली. रहाट थांबला आणि बैल बदलून पुन्हा कुरकुरू लागला. ओटीवर बसलेल्या दिनानाथला वाटलं, हाक जरा लवकरच आली. पण तसं म्हणायला आता त्याच्या हातात काही नव्हतं.