मस्कतचा नळ आणि आमचा नल्ला

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे रिकामी भांडी. संध्याकाळी बायकोनं पाण्याचा पितळी गुंड राखेनं घासला, मी विसळला, आणि दोघांनी मिळून सगळी भांडी अंगणातल्या नळापाशी ओळीनं मांडली. आधी गुंड, मग स्टीलच्या घागरी, मग बकेटा, सगळ्यात शेवटी निळा ड्रम. ही ओळ तिची. घागर गुंडाच्या पुढं गेली तर ती असं बघायची, जशी मी देवघरात चप्पल ठेवली.

आदिलाबादच्या नळाचं आधी सांगतो. आमच्या गल्लीत त्याला सगळे नल्ला म्हणतात, तेलुगू लोकही आणि आम्हीही. उन्हाळ्यात तो तिसऱ्या दिवशी येतो. येतो पहाटे, पण पहाटे कधी हे त्याचं त्यालाच ठाऊक. मोठ्या साहेबासारखा आहे तो. येणार हे नक्की, वेळ नक्की नाही, आणि आला की सगळ्यांनी उठून उभं राहायचं. आमचं गाव तेलंगणाच्या अगदी टोकाला. हैदराबादहून निघालेली कोणतीही चांगली गोष्ट इथं येईपर्यंत वाटेत दमते. पाणीही तसंच असावं.

त्या संध्याकाळी आमचं भांडण तेच चालू होतं, दोन वर्षांपासूनचं. पोरगा मस्कतला एका कंपनीच्या गोदामात कामाला आहे. त्यानं फोन केला होता की कागदपत्रं झाली, आता दोघंही कायमचे इकडं या, शुक्रवारी मला काय ते सांगा. मला जायचं होतं. तिला नव्हतं जायचं.

"तिकडं असतो तं आता सोफ्यावर बसून राह्यलो असतो," मी बकेट मांडता मांडता म्हणालो.

"मंग जा ना. म्या काय तुमचे पाय बांधून ठेवले?"

"एकटा जाऊन काय करू?"

"सोफ्यावर बसजा."

पोरगा तिकडं गेला तेव्हापासून त्याला एक खोड लागली आहे. कशालाही मस्कतची जोड लावायची. सुट्टीवर आला की रस्त्यात खड्डा दिसला तर मस्कत, करंट गेली तर मस्कत, डास चावला तर मस्कत. एकदा शेजारच्या म्हशीनं त्याच्या नव्या पॅन्टवर शेपूट मारलं. म्हणतो, तिकडं असं होत नाही. मी म्हणालो, "अरे, तिकडं म्हैसच नाई तं शेपूट कोण मारीन? तू?" त्याची आई चुलीपाशी बसून इतकी हसली की भाकरी करपली.

पण खरं सांगायचं तर मला मस्कत आवडलं. दोन उन्हाळ्यांमागं त्यानं आम्हाला नेलं होतं. मी चवथी शिकलेला माणूस, सगळी उमर आदिलाबादच्या बाजारात भाजीची गाडी लावली, मला कोणी खुर्ची दिली नाही. तिकडं संडासातसुद्धा खुर्ची. माझ्या गुडघ्यांनी उभ्या जन्मात पहिल्यांदा सरकारचे आभार मानले, आणि तेही परक्या सरकारचे. रस्ते असे की त्यावर भाकरी ठेवून खावी, फक्त रस्त्यावर सोबतीला बसणारा कोणी नाही. ऊन आमच्या वैशाखाएवढंच, पण ते काचेच्या बाहेर उभं राहतं, आत यायची परवानगी नसल्यासारखं. दूध खोक्यातलं, महिनाभर नासत नाही. जे दूध नासत नाही त्याच्यावर माझा भरवसा नाही, पण चहा बरा व्हायचा. तिचं डोकं दुखलं म्हणून डॉक्टरकडं नेलं तर त्यानं तिला बसवलं, हसला, मग हात धरून तपासलं. आमच्याकडं डॉक्टर चिठ्ठीकडं बघून बोलतो, माणसाकडं बघायला त्याला वेळ नसतो. आता यात गावाची निंदा झाली तर झाली. माझंच गाव आहे.

तिला मात्र त्या घरातल्या नळावर विश्वास बसेना. पहिल्याच दिवशी संध्याकाळी तिनं स्वयंपाकघरातलं एकूण एक भांडं भरून ठेवलं. गंज भरले, कढई भरली, पोराचा डबासुद्धा भरला. तो कामावरून आला, डबा उघडला, तर पाणी.

"आई, इथं नळ जात नसते."

"जात नसते ना? आन् गेला तं?"

न्हाणीघरात एक पांढरं टाकं होतं, माणूस आडवा मावेल एवढं. पोरगा म्हणाला, याच्यात झोपून आंघोळ करतात. ती म्हणाली, "झोपवून आंघोळ मेलेल्या माणसाले घालतेत, बाबू." आणि ते टाकंही तिनं काठोकाठ भरून टाकलं. मग दोन महिने आम्ही तिघं त्या टाक्याच्या शेजारी बकेट ठेवून, उकिडवे बसून आंघोळ करत होतो. टाक्यातल्या पाण्याला हात लावायचा नाही. दर तिसऱ्या दिवशी ती ते पाणी सोडून द्यायची आणि नवीन भरायची, आदिलाबादच्या नळाचा दिवस मनात धरून.

आणि एक दिवस मस्कतचा नळ गेला. बिल्डिंगची मोटर जळाली होती. पोरगा कामावर. ती अशी खूश झाली जशी तिला लॉटरी लागली. पदर खोचला, बकेट भरली आणि मला म्हणाली, "चला, तुमाले हिंदी येते." का, कुठं, काही विचारायची सोय नव्हती. आपल्याकडं पाणी आहे आणि शेजाऱ्याकडं नाही, तर नेऊन द्यायचं. तिच्या डोक्यात याच्यापलीकडं काही नव्हतं.

पहिलं दार साखळीपुरतं उघडलं. एक डोळा दिसला. मी म्हणालो, पानी, पानी लो. दार लागलं. दुसऱ्या दारातून आवाज आला, माणूस आला नाही. तिसऱ्या दारात एक बाई पूर्ण बाहेर आली, बकेट बघितली, आत गेली आणि एक नोट आणून हिच्या हातावर ठेवली. तिला वाटलं आम्ही पाणी विकतो. हिनं नोट परत केली. बाईला त्याचा राग आला की भीती वाटली कोण जाणे, तिनंही दार लावून घेतलं. थोड्या वेळानं खालून एक माणूस आला आणि त्यानं घरोघरी बाटल्यांची खोकी ठेवली. कोणाचं काही अडलं नाही. आम्ही जशी नेली तशी भरलेली बकेट घेऊन परत आलो.

ती स्वयंपाकघरात खाली फरशीवर बसली. म्हणाली, "एका गल्लीत राह्यतेत आन् एकमेकाचं पाणी पेत नाई?"

"त्याईले गरज नाई पडत," मी म्हणालो.

"ज्या गावात पाणी देल्यावर दार लावतेत, त्या गावात मले मराचं नाई."

"मराले कोण सांगून राह्यलं? राहाले सांगून राह्यला तो."

"एकच हाय ते. जिथं राहाचं तिथंच मराचं."

तिथून आल्यावर मी तिला सोडलं नाही. करंट गेली की म्हणायचो, तिकडं गेली असती का? नळाच्या रांगेत, म्हणजे आपल्याच अंगणात, पहाटे डोळे चोळत उभं राहिलो की म्हणायचो, तिकडं गरम पाणी भिंतीतून येते. आणि हे काही खोटं नव्हतं. आमची गल्लीसुद्धा काही संतांची वस्ती नाही. समोरचे मास्तर नळाला चोरून मोटर लावतात आणि अख्ख्या गल्लीचं पाणी ओढून घेतात. त्यावरून हिचं आणि मास्तरीणबाईचं इतकं वाजलं होतं की दोघी कित्येक वर्षं एकमेकींशी बोलत नव्हत्या. हळदीकुंकवाला गेल्या तरी तोंडं दोन भिंतींकडं. मी तिला म्हणायचो, तुझं ते मस्कतचं साखळीचं दार इथंही आहे, फक्त साखळी दिसत नाही. ती म्हणायची, "भांडण हाय. भांडण येगळं. भांडाले ओळख लागते."

असो. त्या संध्याकाळी भांडी मांडून झाली. मी विचारलं, "शुक्रवारी पोराले काय सांगू?"

ती हात पुसत होती. म्हणाली, "सांगजा, नळाचा दिवस हाय. मंग बोलू."

"शुक्रवारी नळाचा दिवस नाई."

"त्याले काय समजते?"

ज्वारीची भाकरी आणि अंबाडीची भाजी खाल्ली. ती अंगणातल्या बाजेवर पडली, मी ओट्यावर.

पहाटे शेजारच्या तेलुगू अम्मानं नेहमीसारखी हाक दिली, "नल्ला वच्चिंदी!" नळ आला, असं ती सगळ्या गल्लीला ओरडून सांगते. त्या हाकेसरशी आमची ही उठते आणि मी अजून थोडा पडून राहतो, असा आमच्या घरचा कायदा. मी पडून राहिलो. पण पाण्याचा आवाज वेगळा येत होता. गुंडात पडणाऱ्या पाण्याचा आवाज सुरुवातीला खोल असतो, मग वर वर येत जातो. हे पाणी सरळ फरशीवर पडत होतं. गुंड कोणी खाली लावला नव्हता.

"काऊन वो, उठ ना. नल्ला आला."

उठली नाही. मी जाऊन हात लावला. गार होती. पहाटेचा गारवा आणि हा गारवा वेगळा, ते हाताला लगेच कळतं.

मला नंतर पुष्कळांनी विचारलं, तेव्हाच ओरडले काऊन नाही. काय सांगू? पाणी वाया चाललं होतं. मी उठलो आणि गुंड नळाखाली लावला. मग घागरी, मग बकेटा, मग ड्रम, तिच्या ओळीनं. गुंड उचलून आत नेताना कंबर मोडली, तो ती मला कधी उचलू द्यायची नाही. भिंतीवरून अम्मानं विचारलं, "अन्ना, आज तुमी? अक्का कुठं?"

"निजली हाय," मी म्हणालो.

ड्रम भरला, नळ सूं सूं करून थांबला, तेव्हा मी अम्माला पुन्हा हाक मारली आणि खरं ते सांगितलं.

मग बायका आल्या. रडल्या. गल्लीतल्या सगळ्यात म्हाताऱ्या मावशीनं घरात नजर टाकली आणि म्हणाली, "पाणी ओता बाई हो. मौतीच्या घरचं पाणी ठेवत नसतेत."

मी गुंडापुढं उभा राहिलो. "मावशी, हे शिळं नाई. आताच भरलं म्या."

"ते आधी गेली, भाऊ, आन् तू मंग भरलं. हे पाणी मौतीतलंच."

रीत मलाही ठाऊक होती. भरताना आठवली नाही, किंवा आठवली तरी हात थांबला नाही. बायकांनी गुंड ओतला, घागरी ओतल्या, दोघींनी मिळून ड्रम आडवा केला. तीन दिवसांचं पाणी अंगणातून नालीत गेलं. आमच्या अंगणात मस्कतसारखं पाणी वाहिलं ते त्या एकाच सकाळी.

तेवढ्यात पोराचा फोन आला, कोणीतरी त्याला कळवलं होतं. आधी नुसता रडला. मग म्हणाला, "बाबा, आई इथं असती तं दाराशी गाडी आली असती. वाचली असती."

"असंन," मी म्हणालो. त्याच्या मस्कतला मी खोटं पाडू शकत नाही. असेलही खरं.

"आता तरी तुमी इकडं चला. आता कोण अडवते तुमाले?"

मी काही बोलणार तर फाटकातून मास्तरीणबाई आत आली. कमरेवर पितळेची भरलेली घागर. त्यांच्याही घरी नळ तिसऱ्या दिवशीच येतो, मोटर लावा की न लावा. तिनं घागर खाली ठेवली, माझ्याकडं न बघता म्हणाली, "तिच्या आंघोळीले पाणी लागीन ना," आणि मग तोंडात पदर घालून भिंतीला टेकली. तिच्या मागून अम्मा आली, मग कोपऱ्यावरची, मग जिच्याशी आमचं कधी काही बोलणं नव्हतं ती भाड्यानं राहणारी पोरगी, एका हातात बकेट, एका हातात तान्हं लेकरू. कोणी दार वाजवलं नाही. दार उघडंच होतं.

"बाबा, ऐकून राह्यले ना? तिकीट काढू का?"

"नळाचा दिवस हाय," मी म्हणालो. "मंग बोलू."

फोन सदऱ्याच्या खिशात टाकला. बायकांनी भांडी कुठंही, कशीही ठेवली होती, घागरीपुढं बकेट, बकेटीपुढं कळशी. मी ती उचलून ओळीनं लावली. पितळेची आधी, मास्तरीणबाईची. मग आत हाक दिली की पाणी झालं, हिला आता झोपवूनच आंघोळ घाला.