रंग उडू नये म्हणून

परवा तरुण डॉक्टरीणबाईंनी माझे दोन रिपोर्ट टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. साखर वाढलेली, ड जीवनसत्त्व तळाला. "ही जोडी बऱ्याच जणांत दिसते. पण एकामुळेच दुसरं होतं, असं छातीठोकपणे सांगता येत नाही," त्या म्हणाल्या. मग विचारलं, "आजी, तुम्ही मूळच्या कुठल्या?" सोलापूरची, म्हटलं. त्यांना हसू आवरेना. मला राग आला, पण त्यांचं चुकलं नव्हतं. सोलापूरच्या माणसाला ऊन कमी पडायचं तर त्याला कर्तृत्व लागतं. ते आमच्या अप्पांचं.

अप्पा म्हणजे माझे वडील. सत्तरच्या दशकात आमचं लुगड्यांचं आणि खणांचं दुकान होतं. दारावर दिवसभर जाड गोणपाटाचा पडदा असायचा. उन्हाची तिरीप कापडावर पडली की घडीवर तेवढ्या पट्ट्याचा रंग उडतो, मग त्या मालाला गिऱ्हाईक हात लावत नाही. अप्पांनी हाच नियम घरच्यांना लावला होता. मी अंगणात गेले रे गेले की हाक यायची, "आत ये गं, रंग उडंल!" स्वतः ते सकाळी पडद्याआड शिरायचे ते दिवे लागल्यावरच बाहेर पडायचे.

त्यांना मधुमेह झाला. तेव्हा डॉक्टर निळ्या औषधात लघवीचे थेंब टाकून नळी तापवायचे. साखर जितकी जास्त, तितका निळ्याचा हिरवा, पिवळा, विटकरी होत जायचा. अप्पांनी नळी उजेडाला धरली आणि पारखून सांगितलं, "डॉक्टरसाहेब, ह्यो विटकरी. इरकली लुगड्यात लई खपतो की!"

डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "गोड बंद. रोज सकाळी तासभर मोकळ्यावर चाला, नाहीतर पाय गमवाल."

अप्पांनी आज्ञा पाळली, फक्त आपल्या पद्धतीनं. पडदा लावून दुकानातच येरझारा सुरू केल्या. आठ पावलं गेली की गादी आडवी यायची. गादी दिसली की बसणं आलं, बसलं की गिऱ्हाईक आलं, आणि गिऱ्हाइकासमोर बिनसाखरेचा चहा पिणं म्हणजे दुकानाची अब्रू गेली. अव्वा, म्हणजे आई, कळवळून म्हणायची, "भाईर चाला की वो!"

"तितं ऊन हाय," अप्पा सांगायचे.

पुढं अंगठ्याला जखम झाली, ती चिघळली आणि पाय गुडघ्याखाली कापावा लागला. दुकान सुटलं. थंडीतल्या एका सकाळी त्यांनी आपणहून सांगितलं, मला पायरीवर बसवा. अव्वानं घोंगडं अंथरलं. अप्पा उन्हाकडं तोंड करून, डोळे मिटून बसले. इतक्या सुखात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मी जाऊन त्यांना खेटून बसले.

त्यांनी डोळे उघडले. खांद्यावरचा पंचा काढून माझ्या तोंडावर ओढला.

"माजा माल विटला आता," ते म्हणाले. "तू आत जा. तुजा रंग उडंल."

मी उठून आत गेले.