एकदा पिऊन संपवलेली बाटली

ती बाटली मला आजही डोळ्यांसमोर दिसते. तशी माझी पोलिसातली अर्धी नोकरी मुळशीच्या ओढ्याकाठच्या हातभट्ट्या फोडण्यात गेली. वाइनशी माझी ओळख शून्य.

एका रविवारी सकाळी मारुंजीत राहणाऱ्या पाच मैत्रिणी आमच्या पोलीस ठाण्यात आल्या, आयटीत नोकरी करणाऱ्या. त्यांच्यातल्या चष्मेवालीने रिकामी बाटली माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाली, "सर, ही बाटली आम्ही एकदा प्यायलोय."

ठाणे अंमलदाराने हसू आवरले. मला वाटले, कालची उतरलेली दिसत नाही.

पण प्रकरण मजेशीर होते. या पाचजणी महिन्यातून एका शनिवारी दुपारी शहरातल्या दर वेळी नव्या बारमध्ये जमायच्या. गप्पा, थोडी वाइन, भरपूर खाणे. बाटली संपली की एकजण अंगठीतल्या हिऱ्याने तिच्या बुडाला पाच उभ्या रेघा आणि खाली हसरी कोर कोरायची. आदल्या दिवशी त्या आमच्याच हद्दीतल्या बारमध्ये बसल्या होत्या. परदेशी वाइनची सीलबंद बाटली उघडली, चव विचित्र लागली, म्हणून उलटून पाहिली तर बुडाला पाच रेघा आणि कोर! दोन महिन्यांपूर्वी डेक्कनच्या बारमध्ये त्यांनीच कोरलेली.

मी खुर्चीत सावरून बसलो. इतकी नामी खबर मला कुठल्याही खबऱ्याने दिली नव्हती.

मी बोलावले तसा तासाभरात त्या बारचा मॅनेजर तिथल्या वेटरलाच घेऊन हजर झाला. वेटर पस्तिशीचा, सडसडीत. लवळ्याच्या डोंगराकडच्या मेंढपाळ घरातला, मेंढरे सोडून नोकरीला लागलेला घरातला पहिलाच. मॅनेजरने सगळ्यांसमोर सांगितले, "स्टोअरची किल्ली याच्याकडे असते. हाच चोर. आजपासून याला कामावरून काढलाय."

मलाही ते पटले. खोटे कशाला बोलू? सरळ उत्तर हाताशी असले की पोलिसाला तेच आवडते. मी त्या बायकांसमोरच आवाज चढवला, "चोरा, खरी बाटली कुठे विकलीस?"

त्याचा चेहरा पडला, पण तो रडला नाही. "साहेब, मी फकस्त बाटली उघाडली. चोर ठरलो तर मला कोन कामाला ठिवील?"

मॅनेजरला बाहेर बसवून मी जबाब घेऊ लागलो. माल कोण आणतो, खोकी कोण फोडतो, असे नेहमीचे प्रश्न. खोक्यांचा विषय निघाला आणि तो मध्येच थांबला.

"साहेब, आदी खोक्यात पुठ्ठ्याचं खण असायचं. हल्ली बाटल्यांच्या मधी पेंढा असतुया. भाताचा."

परदेशी वाइन आणि भाताचा पेंढा! हवालदाराला पिटाळून बारमधून एक खोके मागवले. वेटरने मूठभर पेंढा नाकाशी धरला.

"आंबेमोहोर हाय. कोळवणचा आसनार. सुगी झाली की आमची मेंढरं तितल्या खाचरात बसायची. ह्यो वास मला न्हाई कळनार, तर कुनाला?"

आमच्याकडे आंबा असो वा अंडी, नाजूक वस्तू पेंढ्यात बसवायची हाताला सवय. बाटल्या भरणारा गडी इथलाच होता, आणि त्याच्या हाताने ती सवय सोडली नव्हती.

जीप कोळवणला निघाली तेव्हा मला पंचविशीतल्या फौजदारासारखा हुरूप आला होता. पहिल्याच शेतकऱ्याला विचारले, गुरे नसलेल्या कुणी पेंढा विकत नेला का? तो हसला. "त्या पांढऱ्या बंगलेवाल्यानं नेला की, जीप भरून. आमी म्हनलं, दावनीला हाय काय ह्याच्या? एक कुत्रं!"

भर दुपारी आम्ही पंचांसह त्या फार्महाऊसमध्ये शिरलो. भंगारातून आणलेल्या बाटल्यांची रास, लेबलांची भेंडोळी, बूच बसवायचे यंत्र, पिंपात स्वस्तातली वाइन. पंचनामा लिहिताना हवालदाराची बोटे दुखली, माझे मात्र पाय जमिनीवर ठरत नव्हते. बंगलेवाल्याने पहिल्याच दमात नाव सांगितले. माल घेणारा होता तोच मॅनेजर.

दुसऱ्या दिवशी पाचजणी पुरवणी जबाबासाठी आल्या, तेव्हाच बारचा मालक जबाबासाठी आलेल्या वेटरला न्यायला आला. "झालं गेलं सोड. उद्यापासून ये कामाला."

"येतो की," तो म्हणाला. "पर तुमच्या मॅनेजरनं ह्या ताईंच्या म्होरं मला चोर म्हनलं. त्यांच्याच म्होरं सांगा, मी चोर न्हाई."

मालकाने सांगितले. मैत्रिणींनी टाळ्या वाजवल्या. मला वाटले, झाले. पण तो जागचा हलला नाही.

"साहेब, तुमीबी म्हनला हुता."

इतक्या वर्षांत मी कितीतरी संशयितांना पुरावा नाही म्हणून घरी पाठवले होते. स्टेशन डायरीत एक ओळ लिहिली की आमचे काम संपायचे. आरोप मात्र आम्ही नेहमी चारचौघांत, मोठ्याने केलेला असायचा. तो मागेही तसाच घ्यायचा असतो, हे मला त्या माणसाने शिकवले, आणि शिकताना फार लाज वाटली.

मी खुर्चीवरून उठलो, टोपी घातली आणि बाहेरच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितले, "हा माणूस चोर नाही. चूक माझी झाली."