बारा किलोमीटरवरून आलेला आवाज

मी हुशार आहे हे सासऱ्यांना पटवण्यासाठी मी एकदा आकाशात फुगा सोडला होता.

सासरे, म्हणजे आमचे नाना, इतके संशयी की मी बसवलेली डोअरबेलही दोनदा वाजवून बघायचे! म्हणून मी हेलियमचा मोठा फुगा आणला. त्याच्याखाली थर्माकोलचा डबा. डब्यात तापमानाचा सेन्सर, जीपीएस आणि जुना मोबाइल. डबा अधूनमधून एसेमेसने उंची आणि तापमान कळवणार, आणि फोन केला की आपोआप उचलून वरच्या वाऱ्याचा आवाज ऐकवणार. सगळं आमच्या डायनिंग टेबलावर सोल्डर केलेलं (टेबलक्लॉथला पडलेल्या भोकाबद्दल कृपया बायकोला विचारू नये).

रविवारी नवघरच्या आमच्या गच्चीवर नाना आणि अर्धी सोसायटी जमली. फुगा सोडला. तो डुलतडुलत पाण्याच्या टाकीमागे गेला आणि दिसेनासा झाला.

"ढगात शिरला!" मी जाहीर केलं.

"ढग कुठायत?" नाना म्हणाले.

तेवढ्यात एसेमेस आला. उंची १२.

"बारा किलोमीटर!" टाळ्या पडल्या.

"इतक्या लवकर?"

"हेलियम आहे नाना, शिडी नाही!"

"तापमान?"

"एकतीस."

"एवढ्या वर थंडी हवी ना?"

"ऊन डायरेक्ट लागतंय ना!"

"आणि मोबाइलला रेंज?"

"उलट फुल! मध्ये बिल्डिंगच नाहीत!"

शेजारचे शहाभाई भारावले. "भाऊ, नीचे किधर आयेगा?"

"शहापूर के आगे! गाडी बोलके रखा है!"

मग मी डब्यातल्या मोबाइलला फोन लावला, स्पीकर ऑन केला आणि सगळ्यांना गप्प केलं. आधी खरखर झाली. मग आकाशातून माझ्या बायकोचा आवाज आला.

"हो गं आई, नाना वरच आहेत. ह्यांचं भाषण ऐकतायत. कालपासून आरशासमोर प्रॅक्टिस चाललीय, नानांनी विचारलं तर काय सांगायचं! थांब हं, बाल्कनीच्या ग्रिलला काहीतरी लटकलंय... अगं, ह्यांचाच डबा! फुगा पार मरगळलाय!"

उंची मीटरमध्ये येईल अशी सोय मीच केली होती. आमची बाल्कनी चौथ्या मजल्यावर, गच्चीच्या बरोब्बर खाली. मला टाकीत उडी मारावीशी वाटली.

नानांनी शांतपणे माझ्या हातातला मोबाइल घेतला. "सुनीता, चहा टाक. आम्ही अंतराळातून खाली येतोय."

डब्यातून वडिलांचा आवाज ऐकून सुनीताने फोडलेली किंकाळी स्पीकरशिवायही गच्चीवर पोचली.

माझा ट्रॅकर मात्र अगदी अचूक निघाला. फुगा कुठे आहे हे त्याने सांगितलंच, पण सासऱ्यांच्या नजरेत जावई कुठे आहे, हेही सांगितलं!