सोनाआत्या मागे का बसली

फोन आला तेव्हा मी नाशिकला ऑफिसात होतो. गावाकडून शेजारची पारूवहिनी बोलत होती. "भाऊ, सोनाआत्या गेली. सकाळी उठलीच नाय..." पुढचं मला ऐकू आलं नाही. त्यानंतर लिहायचं टाळतच आलो. लिहिलं की खरं लिहावं लागणार होतं.

आई मी लहान असतानाच गेली. वडील मनमाडला रेल्वेत. मला वाढवलं आत्यानं, विंचूरजवळच्या आमच्या खेड्यात. दिवसभर ती खळ्यावर कांदे निवडायला जायची आणि संध्याकाळी विहारात. सत्तरच्या दशकातला आमचा विहार म्हणजे कौलारू खोली आणि सारवलेली जमीन. मेणबत्ती लागली की आत्या वंदना सुरू करायची, ती अशा आवाजात की वरच्या आळीतले तुकानाना ओरडायचे, "सोनाबाई, तुझा बुद्ध बहिरा हाय का गं?" "बुद्ध नाय नाना, तुमी बहिरे. तुमच्यासाठीच वरडावं लागतं!" घरात कधी नुसती भाकरी नि चटणी असायची, पण त्या खोलीत बसलं की आपल्याला काही कमी आहे असं वाटायचंच नाही...

तिचा एक नियम होता. खोटं बोललेल्या पोरानं मागच्या भिंतीशी बसायचं, वंदना म्हणायची नाही, नुसती ऐकायची. ज्याच्याशी खोटं बोललास त्याला जाऊन खरं सांगायचं, मगच पुढं यायचं. तुकानानांचे पेरू तोडून "मी नाय" म्हणालो होतो, तेव्हा मीही मागे बसलो. शेवटी त्यांच्या दारात जाऊन कबूल केलं. नाना हसले, वर आणखी एक पेरू दिला. संध्याकाळी पुढं येऊन बसलो तर आत्यानं नुसता डोक्यावर हात ठेवला. तितकं हलकं मला नंतर कधी वाटलं नाही.

ऐंशीनंतर नाशिकला नोकरी लागली. जात कळल्यावर खोली नाकारली, असं एकदा झालं, पुन्हा झालं. मग पंचवटीत कोणी विचारायच्या आतच सांगून टाकलं, आम्ही मराठे. खोली मिळाली. आत्या पहिल्यांदा भेटायला आली तेव्हा तिला दारातच म्हणालो, "इथं वंदना मोठ्यानं म्हणू नकोस. कुणाला जय भीम करू नकोस." का, ते सांगितलं. ती पिशवीतल्या शेंगा काढत राहिली. संध्याकाळी घरमालकीण काकू चहा घेऊन आल्या. माणूस म्हणून चांगल्या होत्या. आत्याला म्हणाल्या, "कुलदैवत कोणतं हो तुमचं?" मीच घाईनं म्हणालो, "खंडोबा. जेजुरीचा." काकूंनी आत्याकडे पाहिलं. आत्यानं माझ्याकडे पाहिलं...

"हं," ती म्हणाली.

सकाळच्या एसटीनं गेली. पुन्हा नाशिकला आली नाही.

त्यानंतर गावी गेलो की ती विहारात मागच्या भिंतीला टेकून गप्प बसलेली दिसायची. गुडघे दुखत असतील, असं मी धरून चाललो. विचारलं नाही. विचारायची हिंमत नव्हती, हे खरं.

आत्याच्या पुण्यानुमोदनाला सगळे जमले तेव्हा पारूवहिनी म्हणाली, "तुमाला ठावं नाय? नाशकाहून आली तवापासून आत्या मागंच बसायची. आमी लय म्हणायचो, पुढं चला, तुमच्याबिगर कुणाला चाल लागत नाय. तर म्हणायची, एका बाईशी खोटं बोलले, तिला खरं सांगितलं नाय अजून. म्हटलं, मग सांगून या की! तर म्हणं, मी सांगितलं तर पोरगं उघडं पडंल. त्यानं आपणहून सांगू दे."

म्हणजे ती वाट बघत होती. त्या एका 'हं'पायी, मी तोंड उघडीन म्हणून. पंचवटीतली खोली सोडून मी स्वतःचं घर घेतलं, लग्न झालं, पोरं मोठी झाली... आणि ती तिथंच बसून होती.

दुसऱ्याच दिवशी पंचवटीत गेलो. काकू आहेत अजून, फार थकल्यात, ऐकूही कमी येतं. म्हणालो, "काकू, मी खोटं बोललो होतो. आम्ही बौद्ध आहोत." "काय म्हणतोस?" मग ओरडून सांगितलं. जिन्यातली दारं उघडली, माणसं बघायला लागली. "आम्ही बौद्ध आहोत, काकू! आत्याचा काही दोष नव्हता!" काकूंनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"कोण आत्या, बाळा?"

परवा विहाराला रंग द्यायचा होता म्हणून गावी गेलो. आत्या असतानाच पक्कं बांधकाम झालंय, फरशी आहे. मागच्या भिंतीवर, बसलेल्या माणसाचं डोकं टेकतं तिथं, खोबरेल तेलाचा काळपट डाग आहे. रंग देणाऱ्या पोरानं विचारलं, "काका, हे घासून काढू?" आधी नको म्हणालो. मग वाटलं, अजूनही मीच तिला इथं बसवून ठेवतोय. "घास," म्हणालो. त्यानं घासलं, वर पांढऱ्या रंगाचे दोन हात दिले. मी तिथंच उभा होतो, रंग वाळेपर्यंत... डाग पुन्हा वर आला.